सासऱ्यांचा ओटा आणि माझी पट्ट्यांची काठी

माझ्या सासऱ्यांचा ओटा मी पाडला. तोही हात न लावता, आळीच्या वळणापलीकडे बसून, पोह्याचा पापड खात.

तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते. मी पेणचा, सासुरवाडी रोह्याची. आमच्या वाचनालयात जुन्या घरांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं मी अंगावर घेतलं होतं (कोणी सांगितलं नव्हतं, कॅमेरा नवा होता). प्रत्येक फोटोखाली त्या घराची गोष्ट लिहायची. आणि सगळ्यांत मोठा फोटो असणार होता सासऱ्यांच्या ओट्याचा. चार सागवानी खांब, प्रत्येकावर कोरलेलं केळफूल, बसून बसून गुळगुळीत झालेली फळी. सासरे म्हणजे नाना, निवृत्त मास्तर. त्यांच्या वडिलांनी तो ओटा समोर उभं राहून करून घेतलेला. लग्नाच्या बोलणीत नानांनी माझी नोकरीसुद्धा धड विचारली नाही. ओट्यावर बसवलं, खांबावरनं हात फिरवायला लावला आणि म्हणाले, "याचा एक चांगला फोटो काढा हो कधीतरी." जावयाकडे त्यांचं मागणं एवढंच.

आता मी पडलो अभ्यासू. एका पुस्तकात वाचलं की जुन्या वास्तूच्या फोटोत शेजारी मोजाची काठी उभी करावी, म्हणजे उंची कळते. काठीवर एक फूट लाल, एक फूट पांढरा असे पट्टे हवेत. माझा चुलतभाऊ दिनू गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. त्याच्याकडून सहा फुटी काठी रंगवून घेतली.

"लाल कुठला लावलास रे?"

"गणपतीच्या शेल्याचा उरलेला."

"आणि टोकाला सोनेरी कशाला?"

"तुला काय कळतंय? कामाची वस्तू भारदस्त दिसायला पायजे."

ती इतकी भारदस्त दिसायला लागली की रोह्याच्या गाडीत कासूला चढलेल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या शेजारची जागा रिकामी असूनही उभं राहणं पसंत केलं. "बसा हो आजोबा," म्हटलं, तर म्हणाला, "नको सायेब, आमचं सगळं कागदोपत्री हाय." मला वाटलं, उन्हानं होतं असं.

रोह्याला उतरल्यावर आधी सासरी जायला हवं होतं. पण सासरी पाय ठेवला की जेवण, जेवण झालं की झोप, उठलं की चहा. तोवर ऊन गेलेलं. म्हणून ठरवलं, आळीच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात करायची आणि नानांचा ओटा शेवटी, तिरप्या उन्हात. छत्तीसचा रोल होता. छत्तिसावा फोटो नानांचा.

डोक्यावर खाकी टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात कॅमेरा, काखेत वही. पहिल्या घरासमोर काठी रोवली तशी दारातून एक काकू बाहेर आल्या. काठी वरपासून खालपर्यंत बघितली.

"कुठनं आलाव?"

"पेणहून."

"कशासाठी?"

"ओटे बघायला. मोजमाप, फोटो, थोडी माहिती."

काकू आत गेल्या आणि चहा आणि तळलेले पोह्याचे पापड घेऊनच आल्या. "आमचा ओटा रस्त्याच्या आधीचा हाय. लिवून घ्या." मी लिहून घेतलं.

शेजारच्यांनी सांगितलं, त्यांचा ओटा आधी झाला आणि मग त्याला धरून रोहा वसलं. तेही लिहून घेतलं. तिसऱ्या घरी कळलं की त्यांच्या खांबाला एका सरदाराचा घोडा बांधलेला असायचा.

"पण खांब सिमेंटचा दिसतोय," मी म्हणालो.

"घोडा दांडगा होता सायेब."

चौथे गृहस्थ गोष्टीबिष्टीत पडले नाहीत. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आमचा ऱ्हाऊ द्या. शेजाऱ्याचा मोजा. दोन फूट गटारावर हाय."

मी भारावून गेलो होतो. एवढी आपुलकी, एवढा इतिहास, आणि प्रत्येक घरी चहा! आळीत दोन महिन्यांपासून एकच चर्चा होती, की रस्ता रुंद होणार आणि गटारावर आलेले ओटे जाणार. ही चर्चा ज्याला ठाऊक नव्हती असा अख्ख्या रोह्यात मी एकटा होतो.

त्या वेळी नाना पुलापलीकडच्या अष्टमी गावात चप्पल शिवून घ्यायला गेले होते. तिथं सायकलवरून कोणीतरी बातमी पोचवली. "मास्तर, मोजणीवाले आले. काठी लावतायत, फोटो काढतायत, वहीत लिवतायत." नानांचा ओटाही गटारावर होता, चांगला हातभर. पण नानांनी तीस वर्षं पोरांना नागरिकशास्त्र शिकवलेलं. "सरकारी पहार खांबाला लागण्यापेक्षा आपणच उतरवू," म्हणाले आणि दोन सुतार घेऊन मागल्या दारानं घरी आले.

वळणापलीकडून ठोकाठोकी ऐकू आली तेव्हा मी पुन्हा पहिल्या घरच्या काकूंकडे पापड खात होतो.

"हे काय चाललंय?" मी काकूंना विचारलं.

"पोहे कांडत असतील," काकू खाली बघत म्हणाल्या.

मी वहीत लिहिलं, 'आळीत अजून पोहे कांडतात.'

चारच्या सुमाराला, ऊन अगदी हवं तसं तिरपं झाल्यावर, नानांच्या घरासमोर आलो. ओटा नव्हता. चार खांब गोणपाटाखाली आडवे, पुढं दगडांचा ढीग, आणि धुळीनं पांढरे झालेले नाना माझ्याकडे न बघताच हात जोडून म्हणत होते, "साहेब, आम्ही स्वतःहून काढलाय. तसं लिहून घ्या."

मी टोपी आणि चष्मा काढला. "नाना, मी."

नाना बघत राहिले. आधी मला, मग काठीला.

"जावईबापू, ही काठी कोणाची?"

"माझीच. दिनूनं रंगवली."

"फोटो काढलेत?"

"पस्तीस."

"आमच्या ओट्याचा?"

"तुमचा शेवटी ठेवला होता."

नाना सवयीनं मागे सरकून ओट्यावर बसायला गेले आणि दगडांवर बसले. सासूबाई पाणी घेऊन आल्या आणि माझ्या हातात तांब्या द्यावा की काठी काढून घ्यावी, हे त्यांना ठरवता येईना.

"खांब परत उभे राहतील ना हो?" मी सुताराला विचारलं.

"ऱ्हातील की. पन कुठला कुठं होता ते कळायला पयल्याचा फोटो पायजे."

शेवटी आठवून आठवून उभे केले. एक केळफूल उलटं बसलं, ते आजही तसंच आहे. रस्ता काही रुंद झाला नाही.

छत्तिसावा फोटो त्या दिवशी सुतारानंच काढला. दगडांचा ढीग, शेजारी काठी, काठीशेजारी मी. प्रदर्शनात सगळ्यांत जास्त गर्दी त्याच फोटोपुढं होती. नानाही आळीतली मंडळी घेऊन आले. छत्रीच्या टोकानं एकेक पट्टा मोजला आणि मंडळींना समजावून सांगितलं, "ढीग दोन फूट. जावई साडेपाच. काठी उत्तम आहे. फक्त पट्टे फुटाचे आहेत, अक्कल मोजायला इंचाचे हवे होते."

घरी येऊन दिनूला नानांचं बोलणं सांगितलं आणि म्हटलं, "इंचाचे पट्टे मारून देशील का रे?"

त्यानं माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "इंच पन मोठा पडंल."