मेलेल्या प्रिन्सिपॉल बाईंची हजेरी

रत्नम्मा सोळाव्या वर्षी बिड्या वळायला बसली. १९७४ साली त्या कामाला वीस वर्षं झाली होती. रोज हजार बिड्या. पान भिजवायचं, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड मिटायचं, दोरा बांधायचा. हजार वेळा. हात चांगला असला तरी दहा तास लागतात. कुणी आठ तासांत केल्या म्हणून सांगितलं, तर त्यातल्या निम्म्या पोकळ असतात हे नक्की समजावं.

सोलापुरात पूर्वभागातल्या एका बोळात, पत्र्याच्या छपराखाली, नऊ बायका मांडीवर सूप घेऊन रोज बसत. सकाळी कारखान्यात कालचा माल द्यायचा, नवं पान-तंबाखू घ्यायचं आणि इथं यायचं. रत्नम्मा घरात तेलुगू बोलायची, छपराखाली मराठी. शेजारची सोजरबाई मोहोळकडची. तिचं तोंड तिच्या हातांपेक्षा जोरात चालायचं, आणि हातही काही कमी नव्हते. सगळ्यांत थोरली केराबाई, माळशिरसकडची. तिच्या माहेरी मेंढरं होती. मेंढरं हाकावीत तशी ती बायका हाकायची.

या नऊजणींची एक रीत होती. रविवारी कारखाना बंद. त्या दिवशी एकीनं सिनेमा पाहायचा आणि सोमवारी तो बाकीच्यांना सांगायचा. सांगणारीनं बिडीला हात लावायचा नाही. सांगताना हातवारे लागतात. तिच्या हजार बिड्या उरलेल्या आठजणींनी वळायच्या, प्रत्येकीनं सव्वाशे जास्त. सव्वाशे म्हणजे सव्वा तास. पाठ मोडते, पण सिनेमा चांगला असला तर कळत नाही.

अट एकच. पाहिलं तसंच सांगायचं. आपल्या पदरचं घालायचं नाही, मधलं गाळायचं नाही. आधी हे काम रंभाबाईकडे होतं. तिनं एका सिनेमात जावेशी चाललेलं आपलं भांडण घातलं, तेव्हा केराबाईनं तिला उठवलं आणि रत्नम्माला बसवलं. त्याला सहा वर्षं झाली होती. नवरा, सासू, कारखान्यातला माल तपासणारा, कुणीही रत्नम्माचं एक वाक्य पुरतं ऐकून घेत नसे. सोमवारी मात्र आठजणी दिवसभर ऐकत. ते काम म्हणजे तिचा जीव होता.

त्या मार्चात एका थेटरात दुपारी बाराच्या खेळाला तीस वर्षांपूर्वीचा मराठी सिनेमा लागला, ‘जिन्यावरची चप्पल’. बायकांच्या कॉलेजात खून होतो आणि गुप्तहेर येतो. रत्नम्मानं रविवारी तो पाहिला. सोमवारी सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि सुरुवात केली.

“मोठं कॉलेज. सगळ्या पोरीच पोरी. दोन वेण्या, हातात पुस्तकं. प्रिन्सिपॉल बाई म्हणजे अशी कडक, की चालली की जिना हलतो. आणि रोज सकाळी जिन्यावर एकच चप्पल.”

“एकच?” चिमाबाई म्हणाली. ती सगळ्यांत धाकटी.

“डाव्या पायाची.”

“दुसरी कुटं हाय मग?”

“अगं, तेच तर! कुणालाच ठाऊक नाही. पोरी घाबरतात, एका खाटेवर चार चार झोपतात.”

हात भराभर चालत होते. पंचवीस-पंचवीस बिड्यांचे कट्ट्यावर कट्टे बांधले जात होते.

“मग पोलीस येतात आणि वसतिगृहाच्या बाईला बेड्या घालतात. तिथं एक म्हातारा पंडित असतो संस्कृत शिकवायला. तो आपली दाढी ओढतो आणि दाढी हातात! तोच गुप्तहेर. म्हणतो, ‘खुनी हीच.’”

“खून कुणाचा झाला पण?” सोजरबाई म्हणाली.

“प्रिन्सिपॉल बाईचा.”

“कवा झाला? तू सांगितलंच न्हाईस.”

“दाखवलाच नाही,” रत्नम्मा म्हणाली. “पुढं ऐक की. मग प्रिन्सिपॉल बाई मरून पडलेली दिसते. मग तो पंडित येतो.”

“दाढी काढलेला?”

“दाढी लावलेला.”

“आणि वसतिगृहाची बाई? बेड्या घातलेली?”

“मोकळी. पंडिताला चहा देते.”

कात्र्या थांबल्या. रत्नम्मालाही सांगताना घाम फुटला होता, पण अट म्हणजे अट. ती पुढं गेली. तपास झाला, एक गाणं झालं, खानावळीतल्या बाईवर संशय आला.

“आणि शेवटी प्रिन्सिपॉल बाई येते आणि वर्गात हजेरी घेते.”

“मेलेली?” केराबाईनं विचारलं.

“व्हय मावशी. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. मग औषधाच्या खोलीत जाते, दिवा जातो, किंकाळी. परत मरते.”

रंभाबाईला ठसका लागला. चिमाबाई हसता हसता सुपावर पडली आणि तंबाखू सांडली. सोजरबाई मात्र उठून उभी राहिली.

“ए अक्का! तू झोपलीस. दहा आण्याच्या खुर्चीत मस्त घोरलीस आणि सपान बघून आलीस. मेलेली बाई हजेरी घेती व्हय गं? माझी आय मरून बारा वर्सं झाली, ती न्हाय आली कदी माझी हजेरी घ्यायला!”

“मी डोळासुद्धा मिटला नाही.”

“मग लोक काय म्हनले थेटरात?”

“शिट्ट्या मारल्या.”

यावर परत हशा. केराबाईनं हात वर केला.

“पायलं तसं सांगायचं, ही अट. सपान सांगायचं न्हाय. रत्ने, मला काय तुझं पटंना बग. आजच्या बिड्या तुला मिळायच्या न्हाईत.”

अर्धा दिवस गेला होता. रत्नम्मानं सूप ओढलं आणि खाली मान घालून संध्याकाळपर्यंत वळत राहिली. साडेतीनशे झाल्या. सोजरबाई म्हणाली, पुढच्या सोमवारपासून मी सांगीन, माझ्या सिनेमात मेलेलं माणूस मेलेलंच राहील. कुणी नाही म्हणालं नाही.

मंगळवारी रत्नम्मा बिड्या वळत राहिली आणि डोक्यात सिनेमा पहिल्यापासून फिरवत राहिली. बिडी वळणारी बाई माणसाचं तोंड नंतर बघते, आधी हात बघते. सहाशेवी बिडी बांधताना तिला वसतिगृहाच्या बाईचे हात आठवले. बेड्या घातल्या तेव्हा डाव्या हाताला पांढरी पट्टी होती. पंडिताला चहा दिला तेव्हाही पट्टी होती. आणि शेवटी, प्रिन्सिपॉल बाई हजेरी घेत होती तेव्हा ती दारात उभी होती. तेव्हा हात कोरा होता. पट्टी नाही, डाग नाही, ओरखडासुद्धा नाही.

औषधाच्या खोलीत अंगावर सांडली तर भाजणारी औषधं होती. बाईचा हात भाजला असणार तो खून करताना. मग कोरा हात आधीचा आणि पट्टी नंतरची. म्हणजे हजेरी आधी, खून मग, बेड्या शेवटी.

“अय्यो!” रत्नम्मा एवढ्या मोठ्यानं ओरडली की बाजूच्या शेळीनं दावं ओढलं. “केरामावशी, थेटरवाल्यानं सिनेमाच्या फितीचे भाग उलटेपालटे लावले! शेवटचा आधी आणि आधीचा शेवटी!”

तिनं पट्टीचं सांगितलं. चिमाबाईला लगेच पटलं. केराबाई विचारात पडली. सोजरबाई म्हणाली, “शुक्रवारपास्नं एवढं सोलापूर बगून गेलं, सगळे आंधळे, आणि डोळे काय ते तुलाच?”

“चल की मग बघायला. गुरुवारी शेवटचा खेळ आहे. सगळ्यांनी चला. मी खोटी ठरले तर परत सिनेमाचं नाव काढणार नाही.”

दिवसा, कामाच्या वारी, नऊजणींनी सिनेमाला जायचं हे छपराखाली कधी घडलं नव्हतं. केराबाईनं हिशेब मांडला तो कामाचा. सकाळी पाचला बसायचं, अकरापर्यंत सहाशे करायच्या. तीनला परत यायचं, दिवे लागेपर्यंत उरलेल्या चारशे. जिच्या सहाशे होणार नाहीत ती येणार नाही.

गुरुवारी पाचला नऊजणी बसल्या. कुणी पान खाल्लं नाही, कुणी पाणी प्यायला उठलं नाही. सहा तासांत सहाशे म्हणजे तासाला शंभर, न थांबता. नऊ वाजता चिमाबाईचं बोट दोऱ्यानं कापलं. तिनं ते तोंडात घातलं, काढलं आणि वळत राहिली. पावणेअकराला सोजरबाईच्या सहाशे आधी झाल्या. मग ती मुकाट चिमाबाईची पानं कापायला बसली. भांडण होतं ते रत्नम्माशी, पोरीशी नव्हतं.

अकराला सगळ्या उठल्या, हात धुतले, पदर डोक्यावर घेतले आणि निघाल्या. नऊजणी ओळीनं रस्त्यावरून चालल्या. तंबाखूचा वास एवढा की पानपट्टीवाल्यानं मान वर करून विचारलं, “कुठं मोर्चा, मावशी?”

“कॉलेजात!” केराबाई म्हणाली, आणि मग सगळ्यांना जे हसू आलं ते थेटर येईपर्यंत आवरलं नाही.

सिनेमा सुरू झाला. पोरी, वेण्या, जिना, चप्पल. सोजरबाई हाताची घडी घालून बसली होती. तीन भाग झाले. एकदम पोलीस आले आणि पंडिताची दाढी हातात आली. वसतिगृहाच्या बाईला बेड्या. डाव्या हाताला पांढरी पट्टी.

सोजरबाई खुर्चीवरून उठली. “मावशे! पट्टी! पट्टी हाय की गं!”

“खाली बसा!” मागून कुणी तरी ओरडलं.

“तूच बस! आमी सव्वा कोस चालत आलोय!”

मध्यंतर झालं. रत्नम्मा एकटीच जिना चढून ऑपरेटरच्या खोलीपाशी गेली. आत शिवशरण नावाचा माणूस बनियनवर बसून चहा पीत होता. तिनं त्याला हातावरच्या पट्टीचं सांगितलं. त्यानं चहा ठेवला. फितीचा नववा भाग म्हणून लिहिलेला डबा उघडला, फितीचं टोक दिव्यासमोर धरलं आणि बराच वेळ बघितलं.

“च्यायला,” तो म्हणाला. “हा चौथा भाग हाय. डबे जुने, गंजलेले, झाकणं बदलली असणार. सात दिवस मी नवव्या जागी चौथा लावतोय. एक माणूस बोललं न्हाय. उलट म्हातारी परत उठली की शिट्ट्या पडतात.”

“आता काय लावणार?”

“लावायचं काय त्यात? नववा तर दाखवून झाला. हा आता लावला तर बाई परत उठणार. न्हाय लावला तर खूनच दिसणार न्हाय. गाळून टाकतो, आठव्यावर खेळ संपवतो.”

“गाळू नका!” रत्नम्मा दारात आडवी झाली. “दादा, खाली आठजणी बसल्यात. ती बाई उठली नाही तर मी खोटी ठरते. अजून एकदा उठवा तिला. नंतर झाकणं बदला आणि पाठवा पुढच्या गावाला.”

शिवशरण हसला. “खून करा म्हननारे लई भेटले. उठवा म्हननारी तूच पयली.”

त्यानं भाग लावला.

खाली रत्नम्मानं कुणाला काही सांगितलं नाही. तपास झाला, गाणं झालं, खानावळीतली बाई रडून झाली. मग पडद्यावर वर्गाचं दार उघडलं आणि मेलेल्या प्रिन्सिपॉल बाई आत आल्या, टेबलावर वही ठेवली, चष्मा लावला. वसतिगृहाची बाई दारात उभी होती. हात कोरा.

शिट्ट्या पडल्या. बाई म्हणाल्या, “एक नंबर.”

“हजर!” अंधारातून केराबाई ओरडली.

मग पडद्यावर “दोन नंबर” आलं आणि रंभाबाई ओरडली, “हजर बाई!” तीनला चिमाबाई. चारला सोजरबाई दोन्ही हात वर करून उभी राहिली, “हजर, हजर, हजर!” त्या नऊजणींतली एकही कॉलेजात गेली नव्हती. पाचजणी शाळेतही गेल्या नव्हत्या. नवव्या नंबराला रत्नम्मा ओरडली, आणि दहाव्यापासून सगळं थेटर हजेरी देऊ लागलं. किंकाळी कुणाला ऐकूच आली नाही.

उन्हातून परत येताना रत्नम्मानं चौथ्या आणि नवव्या डब्याचं सगळ्यांना सांगितलं. सोजरबाई तिच्या बरोबरीनं चालली.

“अक्का,” ती म्हणाली, “माझ्या डोक्यात पार गुंता झालाय. सरळ करून सांग की. चौथा चौथ्या जागी घालून.”

“आज गुरुवार आहे.”

“असू दे गुरुवार.”

केराबाईनं हिशेब केला. प्रत्येकीच्या चारशे उरल्या होत्या. रत्नम्माच्या चारशे आठजणींत वाटल्या, पन्नास पन्नास. म्हणजे साडेचार तास, सरळ बसून. सुपं मांडीवर आली, कात्र्या सुरू झाल्या. रत्नम्मानं पदर खोचला.

तिनं पहिल्यापासून सांगितलं. कॉलेज, पोरी, जिना. मग हजेरी. हजेरीला परत सगळ्या हसल्या, नंबर ओरडल्या. मग प्रिन्सिपॉल बाईंनी वही मिटली, चष्मा काढला, दिवा घेऊन एकट्याच औषधाच्या खोलीकडे निघाल्या. रत्नम्मा हळू बोलू लागली. जिन्यावर त्यांच्या मागून कुणी तरी येत होतं. दिवा गेला. किंकाळी.

छपराखाली कुणी हसलं नाही.

“अगं,” सोजरबाई हातातली बिडी तशीच धरून म्हणाली, “मेली की गं ती खरंच.”

“मेली,” रत्नम्मा म्हणाली.

सोजरबाईनं पदरानं नाक पुसलं, बिडीचं तोंड मिटलं आणि दोरा बांधला. “बरं,” ती म्हणाली, “आता त्या दाढीवाल्याला बोलव लवकर.”