गच्चीवरचं खाचर

करंजाडेच्या आमच्या बिल्डिंगची गच्ची हिरवी करायचं खूळ माझंच. वरच्या मजल्यावरची घरं एप्रिलमध्ये भट्टीसारखी तापायची, त्यात आमचंही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मीच उठून भाषण ठोकलं आणि गच्चीवर वीतभर मातीचा थर पसरून त्यात चिनी गुलाब आणि बारीक गवत लावून घेतलं. पाणी घालायचं काम वडिलांवर टाकलं. "तुम्हाला मातीची सवय आहे," असं म्हणालो आणि स्वतःच्या मोठेपणावर खूश झालो.

वडिलांची भातशेती ह्याच भागात होती. तिथे आता बिल्डिंगी आहेत. जमीन गेल्यावर त्यांच्याकडे पाण्याची जाण तेवढी उरली होती आणि घरात ती कोणाला लागत नव्हती. गच्ची मिळाली आणि माणूस बदलला. सकाळी चहाच्या आधी वर, संध्याकाळी पुन्हा वर.

ठेकेदाराने मला सगळं नीट समजावलं होतं. ही माती हलकी, निम्मा तर नारळाचा भुसा. पाणी थोडं थोडं, दिवसातून दोनदा द्यायचं. बोट खुपसून बघायचं, आत जराशी ओल लागली की पुरे. जास्तीचं पाणी खालच्या थरातून जाळीकडे वाहून गेलंच पाहिजे, नाहीतर मुळं कुजतात. यातलं एक अक्षर मी वडिलांना सांगितलं नाही. जन्मभर शेती केलेल्या माणसाला काय शिकवायचं, असं मी तेव्हा म्हणायचो. खरं तर मला कंटाळा आला होता.

दुपारपर्यंत माती कोरडीठाक व्हायची. वडील बेचैन. "सकालचा पानी गेला कुठं? ही माती धरतच नाय," म्हणायचे. मी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचो, "बघा तुम्हीच."

त्यांनी बघितलं. कडेने मातीचा बांध घातला, जुना रुमाल फाडून बोळे केले, पाणी उतरायच्या चारही जाळ्यांत ते ठोकून बसवले आणि पाणी तुंबवलं. भाताला तेच लागतं. आठवडाभर गच्ची अशी टवटवीत दिसली की लोक फोटो काढायला वर यायला लागले. वडील शेजारी उभे राहून सांगायचे, "बांध नाय त पानी कसा ऱ्हाईल?"

मग चिनी गुलाब पिवळा पडला. उपटून बघितला तर मुळं काळी, मऊ, वास मारणारी. आणि शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये छतातून पाणी गळायला लागलं, थेट गादीवर.

मीटिंग बोलावली. जाळ्यांतून काढलेले बोळे टेबलावर मांडले होते. शेजारी भडकले होते आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. वडील उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "मीच कोंबलं. पानी टिकावा म्हनून."

त्यांना सांगायचं काम माझं होतं, मी ते केलं नाही, एवढंच मला बोलायचं होतं. मी बोललो, पण भलतंच. "सोडून द्या हो, वय झालंय. त्यांना आता समजत नाही." वर जरासा हसलोही. लगेच सगळे मवाळ झाले. एक बाई म्हणाल्या, "होतं असं, आमच्या सासूबाईंचंही तेच." वडिलांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली बसले. आपण किती हलकट आहोत ते मला तिथल्या तिथे कळलं, तरी बोललेलं मी मागे घेतलं नाही.

आता गच्चीवर ठिबकच्या नळ्या आहेत. मातीत खोचलेलं यंत्र ओल मोजतं, पाणी आपोआप सुरू होतं आणि बंद होतं. वडील त्यानंतर वर गेलेले नाहीत. मी दोनदा म्हटलं, चला. पाय दुखतात म्हणाले.

भाद्रपदात कोन गावाहून माझ्या चुलतभावाचा वडिलांना फोन आला. त्याच्याकडे अजून भाताची थोडी खाचरं आहेत. वडील फोन नेहमी स्पीकरवरच घेतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. "काका, दाना भरलाय. पानी सोरू का अजून आठ दिस ठेवू?"

खाचरातलं पाणी कधी सोडायचं, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"ह्याला इचार," ते म्हणाले. "मना आता समजत नाय."