कुरामोचीबाई आणि डाग पडलेली कांडी

जपानातल्या निइगाताच्या आमच्या प्रयोगशाळेत कुरामोची फुसाएबाईंनी बावीस वर्षं घासली. औषधाच्या रेणूचे दोन तुकडे जोडायची रीत त्यांनी शोधली, तीही महागड्या धातूशिवाय. 'धातूशिवाय' म्हणूनच रसायन मंडळ त्यांना मार्चात पदक देणार होतं. मी नेझू, तिथला काच फुंकणारा. बाईंचं एकूण एक भांडं माझ्या हातचं.

डिसेंबर सरता सरता आमच्याकडे वर्षाची मोठी साफसफाई निघते. प्राध्यापकसुद्धा डोक्याला फडकं बांधून फरशी घासतात. त्या साली पोरांना भलताच चेव आला. भांड्यात गरगर फिरून ढवळणाऱ्या चुंबकाच्या कांड्याही त्यांनी जहाल आम्लात उकळून पांढऱ्याफेक केल्या.

आणि जानेवारीत बाईंची रीत चालेना. नऊ वेळा केली, नऊ वेळा फुस्स. भाषणाला ताजे आकडे हवेत, आणि हाती काही नाही. डब्यातला भात तसाच गारठायचा. काच बदललीत का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं.

दहाव्या दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या.

"नेझूसान, साफसफाईत तुम्ही काय काय चुकवलंत? खरं सांगा."

"हा खण उपसलाच नाही बाई. माझा आळस तुम्हाला काय नवा?"

खणात एक जुनी कांडी निघाली, काळ्या डागांची. शेजारचे लोक पॅलेडियम या महागड्या धातूचं काम करायचे, त्यांच्याकडून बाईंनी सुरुवातीला कांड्या उसन्या आणल्या होत्या, त्यातलीच; डाग त्या धातूचे. बाईंनी ती उजेडाला धरली. हिच्यानं रीत चालली, तर धातू पहिल्यापासून भांड्यातच होता.

त्यांनी तीच टाकून प्रयोग लावला. दोन तास आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मग यंत्राच्या कागदावर उंच टोक उमटलं. रीत चालली होती.

रीत धातूमुळंच चालते असं मंडळाला पत्र धाडायचं तर विभागप्रमुखांचा शिक्का लागतो. ओगिहारासाहेबांनी शिक्का मुठीत धरला. मार्च जाऊ द्या, मग बारीकशी दुरुस्ती छापू, विभागाची अब्रू आहे, असं बरंच समजावलं. बाई टेबलापुढे कंबरेत वाकून उभ्या राहिल्या. वर होईनात.

"साहेब, कुठंतरी एखादी पोरगी स्वच्छ भांड्यात हे करत असेल," त्या वाकूनच म्हणाल्या. "जमत नाही म्हणून स्वतःला मठ्ठ म्हणत असेल."

"आणि तुमची बावीस वर्षं?"

"शिक्का द्या, साहेब."

मी दारात उभा होतो. साहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि न बघताच शिक्का उमटवला, तोही तिरका.

फेब्रुवारीत पदक रद्द झाल्याचं कळलं. पुढं बाईंनी धातूचा किती कमी अंश पुरतो हे मोजत आणलं, आणि आठ वर्षांनी त्यासाठी पदक मिळवलं. मधल्या आठ वर्षांत आमच्या मजल्यावर जेवताना बाईंशेजारी बसणारा मी एकटाच होतो.