मिठागरातली हॉकी

"हा खड्ड्यात गेला." माझ्या बाच्या तोंडी हे वाक्य घालणाऱ्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही. बा असं बोललाच नव्हता. तो म्हणाला होता, "ह्याचा खाडा झाला." खाडा म्हणजे कामावरची गैरहजेरी. मुकादम वहीत ज्याच्या नावापुढे फुली मारतो, त्याचा त्या दिवशी खाडा. जन्मभर मजुरी केलेल्या माणसाला दुसरा कुठला शब्द नसेल इतका हा शब्द ओळखीचा. आणि ज्याच्यावर कधी फुली पडली नाही, त्याला खाडा काय नि खड्डा काय!

नीट पहिल्यापासून सांगते. माझं डोकं तापलं की मी मधूनच सुरू करते, असं शाळेतले सगळे म्हणतात.

आमचं घर साखरशेतला. मी जव्हारला शाळेत शिकवते, रोज जीपनं जाऊन येऊन करते. घरात बा आणि मी, दोघंच. आमची भाषा घरात वेगळी. इथं लिहिताना बाचं बोलणं मी थोडं मराठीकडे ओढलंय. बा तरणा होता तेव्हापासून दरवर्षी भाताची झोडणी उरकली की वसईकडच्या मिठागरावर जायचा, तो पावसाच्या तोंडावर परत यायचा. खाऱ्या पाण्यात उभं राहून राहून त्याचे पाय गेले. तळव्यांना भेगा, गुडघे धरलेले. आता पडवीपासून विहिरीपर्यंत जायचं तरी त्याला काठी लागते.

भिवंडीच्या गोडाऊनमध्ये कामाला असलेल्या माझ्या भावानं दिवाळीला जुन्या बाजारातून टीव्हीला जोडायचा एक व्हिडिओ गेम आणला. कळकट डबा, दोन रिमोट आणि एकच कॅसेट. त्या कॅसेटीत एकच खेळ: बर्फावरची हॉकी. जुना एवढा की त्यातला एक देश आता नकाशावरसुद्धा नाही. मी भूगोल शिकवते म्हणून मला माहीत. भारत त्यात नव्हताच. माझा भाऊ म्हणाला, "बसल्या बसल्या बाचा जीव रमेल." मी म्हटलं, "डोंबल रमेल!"

पण बा रमला. नुसता रमला नाही, त्यानं तो खेळ आपला करून टाकला. आधी देश निवडायचा. बा कायम पोलंड घ्यायचा. देश कुठला ते त्याला ठाऊक नव्हतं, पण झेंडा वर पांढरा आणि खाली लाल. "वर मीठ, खाली माती," तो म्हणायचा. "हा आपला." मग खेळाडू निवडायचे. जाडे, मधले आणि बारके, असे तीन प्रकारचे होते. जाड्यांचा फटका जोराचा, पण ते पळायला मंद. बा चारही बारके घ्यायचा. "जाडा बांधावर उभा राहतो, काम बारकाच करतो," हे त्याचं कारण.

कारण बाच्या लेखी ते मिठागरच होतं. पांढरं सपाट आगर, त्यात मीठ ओढायची लांब दांड्याची फळी घेऊन इकडून तिकडे धावणारी माणसं, आणि पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला एक मुकादम. मारामारी झाली की तो मुकादम एकाला धरून बाहेर बसवायचा. त्यावर बा मान हलवून म्हणायचा, "ह्याचा खाडा झाला." मी सुरुवातीला कितीदा समजावलं, "बा, तो बर्फ हाय." बा म्हणायचा, "बर्फ मला नको सांगू, बाय. बर्फ माशाच्या पेटीत असतो. एवढा फुकटचा बर्फ पसरवायला कोण येडा बसलाय?"

तर एका रविवारी दाभोशाचा धबधबा बघायला आलेली तीन माणसं आमच्या दारात पाणी मागायला थांबली. एक दाढीवाला आणि त्याच्याबरोबर दोन मुली. मी पाणी दिलं, चहा टाकला. पाहुण्याला कोरड्या तोंडानं पाठवायची आमच्यात रीत नाही. दाढीवाल्याचं लक्ष टीव्हीकडे गेलं. "आजोबा, हे काय खेळताय?" त्यानं मोबाईल वर धरला. बाला कुणीतरी काही विचारलं, ह्याचाच केवढा आनंद! त्यानं अगदी शाळामास्तरासारखं सगळं समजावलं. हे आगर, ही फळी, हा मुकादम. तेवढ्यात मारामारी झाली आणि बा म्हणाला, "बघ, ह्याचा खाडा झाला. आता घरी जाऊन बायकोला काय सांगंल?" सगळे हसले. बाही हसला. चहा पिऊन ती माणसं गेली.

पुढच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये एका सरांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "मॅडम, हे बाबा तुमच्याकडचे का हो? काय भारी आहेत!" पडद्यावर माझा बा होता. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: बर्फाला मिठागर समजणारे आजोबा. खाली बाच्या बोलण्याची पट्टी, आणि त्या पट्टीत तो खड्डा. अरे शहाण्या, चहा प्यायलास ना आमच्या घरचा? मग चहा देणारीला एक शब्द विचारायला तुझी जीभ झडली होती का?

खालचं तर मी वाचायलाच नको होतं. कुणी लिहिलेलं, किती गोड! कुणी लिहिलेलं, मोखाड्या-जव्हारकडचे ना, म्हणून चारही खेळाडू कुपोषित निवडले. त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. आमच्याकडे माणूस बारका दिसला की ह्यांना एकच शब्द आठवतो. ते बारके खेळाडू मोठ्या मोठ्या देशांना हरवत होते, हे त्या व्हिडिओत दिसत होतं की! ते कुणी बघितलं? मी सरांना म्हटलं, "ते माझे वडील आहेत." सरांनी मोबाईल खिशात घातला आणि ते फळ्याचा खडू शोधायला लागले.

मला एकच धास्ती. हे बाच्या नजरेला पडता कामा नये. गावात कुणालातरी तो व्हिडिओ सापडणार, आणि तो कौतुकानं बाला दाखवणार. बा अडाणी आहे, पण खुळा नाही. आपल्याला हसतात ते त्याला कळतं. हा एक खेळ सोडला तर त्याच्या दिवसात दुसरं होतं काय?

मी दाढीवाल्याला व्हिडिओखालूनच मेसेज केले. मग नंबर मिळवून फोन केला. "ताई, लोकांना खूप आवडतंय," तो म्हणाला. "आजोबा स्टार झालेत."

"मला नकोत स्टार. काढून टाक."

"पण त्यात वाईट काय आहे?"

"त्यांना विचारलंस तू? मला विचारलंस?"

"तुम्ही तर तिथेच होतात, ताई." आणि वर म्हणाला, "खड्ड्याचं खाडा करून देऊ का?"

त्यावर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. स्टाफरूमच्या दोन खुर्च्या तेवढ्यात रिकाम्या झाल्या. पण तीन दिवस मी त्याचा पिच्छा सोडला नाही. चौथ्या दिवशी, मधल्या सुट्टीत, तो व्हिडिओ निघाला. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशांना एकदा तरी वठणीवर आणलं, ह्या तोऱ्यात मी जीपमध्ये बसले. बाजारातून बासाठी जवळा घेतला होता.

घरी आले तर टीव्हीवर फडकं टाकलेलं. दोन्ही रिमोट त्यांच्या वायरींत गुंडाळून डब्यावर ठेवलेले. बा पडवीत बसून नागली निवडत होता.

"खेळत नाहीस?" मी विचारलं.

"नाय."

"का?"

"बघितला मी तो," बा म्हणाला. "जीपवाल्यानं दाखवला. झाले चार-पाच दिवस."

म्हणजे मी फोनवर भांडत होते तेव्हा त्याचा तो बघूनसुद्धा झाला होता. आणि मी रोज घरी येऊन काही घडलंच नाही असं दाखवत होते, आणि तोही. माझा तोल गेला. मी दाढीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. बिनलाजी माणसं, म्हटलं, आपल्या पडवीत बसून आपल्यालाच हसतात. आणि बाची समजूत घालायला म्हणून वर म्हण ठोकली, "जाऊ दे बा, हसतील त्यांचे दात दिसतील."

बा नागलीतले खडे काढत राहिला. मग म्हणाला, "त्याचं काय घेऊन बसलीस, बाय. त्यानं मीठ पुडीतच बघितलंय. त्याला हसू येणारच." एक खडा त्यानं अंगणात टाकला. "पण पहिला तो नाय हसला. खाडा म्हटलं नि पहिला हसली ती तू. काल जीपवाल्याकडून मी परत लावून घेतला. डोळं मिटून ऐकला. मोबाईलच्या मागून पहिला आवाज येतो तो तुझा."

मी हातात चहाचा ट्रे घेऊन त्या दाढीवाल्याच्या मागे उभी होते, हे मला तेव्हा आठवलं. पाहुणे हसायच्या आधी मी हसले होते. त्यांना वाटू नये की मलाही बासारखंच वाटतं, बर्फ आणि मीठ ह्यांतला फरक मलाही कळत नाही. मास्तरीण ना मी! स्टाफरूममध्ये तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला, आणि एकदाही मला माझा आवाज ऐकू आला नव्हता.

मी टीव्हीवरचं फडकं काढलं, डबा लावला, झेंडे आले. पोलंड घेतला, चार बारके घेतले. दुसरा रिमोट दिवाळीपासून तसाच होता, मी तो कधी हातात धरला नव्हता. तो सोडवला आणि पहिला बाच्या मांडीवर ठेवला. "चल बा. मला शिकव. मिठागरात कसं धावायचं ते."

बानं रिमोटकडे बघितलं आणि तो नागलीच्या सुपाशेजारी अलगद खाली ठेवला.

"तू रोज पोरांची हजेरी मांडतेस ना?" तो म्हणाला. "मग आज माझा खाडा मांड."