उशिराची वेचणी

रिसलिंग वाइन मी तोवर चाखली तर नव्हतीच, जवळून पाहिलीही नव्हती. आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं, आणि आईच्या गळ्यात माळ. पण परभणीच्या कॉलेजातून बीए झाल्यावर मी दोन वर्षं मोबाइलवर जर्मन शिकले होते. पुण्यातल्या एका आयातदार कंपनीला जर्मन लेबलं वाचून हॉटेलवाल्यांना समजावून सांगणारं माणूस हवं होतं. नोकरी लागली तर पुढे शिकायचं, नाही लागली तर आलेल्या स्थळाला होकार द्यायचा, असं घरात ठरलं होतं.

मी मनापासून तयारी केली. तिकडे वाइनची प्रत द्राक्ष तोडताना त्यात किती साखर होती त्यावरून ठरवतात. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे, बेरेनआउसलेझे, ट्रोकनबेरेनआउसलेझे. हा चढता क्रम मी भाकरी थापताना म्हणायची.

मुलाखत मोबाइलवर झाली. समोर एक सर आणि एक मॅडम. आई कॅमेऱ्यात दिसणार नव्हती, तरी नवं लुगडं नेसून दाराशी बसली होती.

सरांनी आधी अवघड विचारलं. ट्रोकन म्हणजे कोरडी, मग ट्रोकनबेरेनआउसलेझे इतकी गोड कशी? मी सांगितलं, की तिथे वाइन कोरडी नसते, मणी वेलीवर सुकलेले असतात आणि ते एकेक करून निवडतात. दोघांनी माना डोलावल्या.

मग मॅडमनी सोपं विचारलं. एकाच मळ्यातल्या, एकाच वर्षीच्या दोन बाटल्या आहेत, काबिनेट आणि श्पेटलेझे. गिऱ्हाईक विचारतंय, भारी कोणती?

श्पेटलेझे म्हणजे उशिराची वेचणी. क्रम मला पाठ होता, पण प्रश्न बाजाराच्या बाजूने आला आणि तोंडातून घरचं उत्तर गेलं. मी म्हणाले, काबिनेट भारी, कारण दुसरी उशिराची आहे.

आमच्याकडे पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस पांढरा असतो. माघात उरतो तो किडका, पिवळट. त्याला कवडी म्हणतात. व्यापारी गोणीत हात घालतो आणि गोणी पायाने बाजूला सारतो. उशिराचं आणि हलकं, ही माझ्या डोक्यात कधी वेगळी नव्हतीच.

हे कुणी शिकवलं, असं मॅडमनी हसत विचारलं. मी खरं ते सगळं सांगितलं. सर म्हणाले, आई घरात आहेत का, बोलवा की. मला तो मान वाटला. आई डोक्यावरचा पदर सारखा करत पुढे आली.

"उशिराचा कापूस कवडीच की वो साहेब. लय घाण. बाया येतच न्हाईत, आमी मायलेकीच वेचतो."

"काकू, जर्मनीत लोक उशिराचंच जास्त पैसे देऊन घेतात."

"मंग त्यायला कुनीतरी फसवायलंय."

त्यांनी आवाज बंद केला. चित्र बंद करायचं राहिलं. मॅडम टेबलावर डोकं टेकून हसत होत्या, सर डोळे पुसत होते. आईही त्यांच्याबरोबर हसायला लागली. मी तिला बाहेर जा म्हणाले. मुलाखत चांगली झाली असं समजून ती देवापुढे साखर ठेवायला गेली.

नोकरी मला मिळाली. सर म्हणाले, लेबलं वाचणारे पुष्कळ आहेत, अशी गोष्ट कुणाकडे नाही. आता हॉटेलवाल्यांना वाइन चाखवायच्या कार्यक्रमात मला ती सांगावी लागते. पहिल्यांदा मी साध्या भाषेत सांगितली, तर सर म्हणाले, काकू बोलल्या तसं बोला. दुसऱ्यांदा मी तिच्यासारखी बोलले. तिसऱ्यांदा ओढणी डोक्यावर घेतली. त्या दिवशी सगळ्यात जास्त श्पेटलेझे खपली. याच नोकरीवर मी एमए करते आहे, ते स्थळही परत गेलं. कंपनीचे उपकार मी विसरलेले नाही.

आई फोनवर विचारते, साहेब माझी आठवण काढतेत का. मी म्हणते, दर कार्यक्रमात. लय चांगली मानसं हायेत, असं ती सगळ्या गल्लीत सांगते. आता एकदा पुण्याला येऊन त्यांना भेटायचं म्हणते आहे. मी तिला खोली लहान आहे असं सांगून टाळते. सरांना कळलं, तर ते त्याच दिवशी तिचं तिकीट काढतील.