शाईखालचा वाघ

"झेलणारा नको सांगू. त्याला धरणारा कोण, ते सांग." पेपर माझ्या हातात देऊन चाचा भिंतीला टेकायचे आणि डोळे मिटायचे.

सौदीतल्या जुबैलच्या कंपनी कॉलनीत ते आमचे शेजारी. मूळचे रत्नागिरीकडचे, गोदामात स्टोअरकीपर. इराक कुवेतमध्ये घुसला तसा एक अमेरिकन घाबरून मायदेशी पळाला, आणि साहेबलोकांच्या खेळातली त्याची रिकामी जागा चाचांना मिळाली. खेळ असा: दर आठवड्याला अमेरिकन फुटबॉलमधले खरे खेळाडू निवडून कागदावर आपला संघ मांडायचा. ते मैदानात जेवढं करतील तेवढे गुण आपले. चाचांनी एकही सामना पाहिला नव्हता, इंग्रजी येत नव्हतं. मी बारावी होऊन घरीच होते, इंग्लिश मीडियमची. वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी खाली बघून, हळू आवाजात वाचायचे.

साहेबलोक चेंडू झेलणारा नावाजलेला दिसला की निवडायचे. चाचा आधी त्याला चिकटून धावणारा रक्षक, म्हणजे कॉर्नरबॅक, तपासायचे. भारी रक्षक वाघ, कच्चा तो बकरा. समोर वाघ असला की कितीही मोठा झेलणारा बाहेर. आपल्या मुलीचं स्थळही त्यांनी असंच पाहिलं होतं. "पोरगा बरा हाय. पण मी सासू बघितली. बकरा हाय गो, बकरा!"

तुम्ही हसाल, पण डिसेंबरात चाचा अंतिम फेरीत होते, थेट मोठ्या साहेबासमोर. नेमक्या तेव्हाच युद्धाच्या भीतीने सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. गावी मुलीचा निकाह दोन आठवड्यांवर. चाचांनी विनवण्या केल्या तेव्हा साहेब हसून म्हणाला, "मला हरव आणि जा."

शेवटचा पेपर आला. चाचांच्या हुकमी खेळाडूसमोर वाघ होता. पण वाघाच्या संघाचा एक कॉर्नरबॅक जखमी आहे, एवढंच वाचता येत होतं. वाघ की दुसऱ्या बाजूचा बकरा, ते दिसेना. इथे येणाऱ्या अमेरिकन पेपरांत बायकांच्या उघड्या पायांवर सरकारी सेन्सॉरने काळी शाई फासलेली असे. मागच्या पानावर सहा नाचणाऱ्या मुली होत्या. त्यांचे बारा पाय आमच्या जखमींच्या यादीवर आरपार उमटले होते.

मी पेपर खिडकीला लावला, ट्यूबलाइटला लावला. आई म्हणाली, "एवढं काय बघतेयस त्या पायांत?"

"बाय गो, वाघ की बकरा?"

"वाघ," मी म्हणाले. "वाघ जखमी आहे."

"दिसला?"

"दिसला."

चाचांनी खेळाडू ठेवला. तो तीनदा चेंडू घेऊन रेषेपार गेला. साहेब हरला, आणि तोंड वाकडं करून का होईना, त्याने सुट्टीच्या कागदावर सही केली.

निघायच्या सकाळी मी म्हणाले, "चाचा, मला काहीच दिसलं नव्हतं."

"म्हायत होता. खरा सांगताना तू चपलांकडं बघतेस. तवा माझ्याकडं बघून बोललीस."

"मग ऐकलंत कशाला?"

"कुणीतरी ठाम सांगाया पायजे होता गो."

पुढे काही दिवसांतच युद्धाचे सायरन वाजायला लागले, आणि चाचा गावाहून काही परत आले नाहीत. मला ते आठवतात ते कंपनीच्या बसमध्ये. मांडीवर मुलीसाठी घेतलेलं भलंमोठं लाल ब्लँकेट, त्यावरून दिसणारी नुसती टोपी, आणि बस अजून निम्मी रिकामी असताना ड्रायव्हरला 'चल लवकर' म्हणून अरबीत चाललेला त्यांचा ओरडा: "यल्ला! यल्ला!"