नाक टोचलेला भाऊ

अस्थिमज्जेत बी-पेशी कशा तयार होतात, हे मी एकवीस वर्षं कॉलेजात शिकवलं. फळ्यावर पायऱ्या काढायचे. खालच्या पायरीवर कोवळी पेशी. एक प्रथिन दुसऱ्या प्रथिनाला निरोप देतं, तेव्हा कुठं ती वर चढते. शेवटी ती रक्तात उतरते आणि जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं बनवायला लागते. मधलं एकच प्रथिन बिघडलं, तर निरोप अडतो आणि पेशी दुसऱ्याच पायरीवर मरते. "मॅडम, मग त्या माणसाचं काय होतं?" असं दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. "वारंवार आजार," असं म्हणून मी फळा पुसायचे. भावाचं कधीच सांगितलं नाही.

आमच्या आईच्या माहेरी मुलगे टिकत नसत. तिचे दोन भाऊ आणि ईट गावच्या मावशीचे दोन्ही मुलगे आठ वर्षांच्या आत गेले. मुली मात्र ठणठणीत. कुणी करणी म्हणे, कुणी देवाचं काही राहिलंय म्हणे. माझ्या भावाला वर्षाचा झाल्यापासून कधी कानातून पू, कधी छातीत कफ, कधी मांडीवर गळू. तो पाच वर्षांचा झाला तेव्हा मावशी येऊन म्हणाली, "आपल्यात पोरी जगत्यात, पोरं जात्यात. मग ह्याला पोरगीच करू. नाक टोचू, परकर घालू. नेणाऱ्याला कळाय नगं."

वडील "खूळ हाय" म्हणाले, पण त्यांनी अडवलं नाही. सोनार आमच्या ओट्यावर येऊन बसला. मी अकरा वर्षांची. भावाचं डोकं धरायचं काम माझ्याकडं आलं. तार आत गेली तरी तो रडला नाही. माझ्याकडं बघत म्हणाला, "आक्का, आता म्या पोरगीच ना? मग मरणार न्हाय ना?"

"न्हाय रं," मी म्हणाले. माझं टोचलेलं नाक चार दिवसांत बरं झालं होतं, म्हणून मला खरंच तसं वाटत होतं.

त्याचं नाक बरं झालं नाही. आठव्या दिवशी गाल सुजला, डोळा मिटला, अंग तापानं फणफणलं. उस्मानाबादहून आम्हाला सोलापूरला पाठवलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी त्याच्या घशात बॅटरी मारली, मग पुन्हा मारली. म्हणाले, "याला टॉन्सिल नाहीतच." आम्ही आजवर घसा तेवढा स्वच्छ आहे म्हणून खूश होतो. टॉन्सिल बी-पेशींनीच भरलेल्या असतात, हे मी फार पुढं शिकले. मग नाकातली तार पाहून ते भडकले. "असल्या आजारी पोराचं नाक टोचता? अक्कल आहे का?"

आई खाली बघत म्हणाली, "सायेब, आमच्यात पोरी जगत्यात. म्हणून ह्याला पोरगी केलं."

डॉक्टरांनी कागद घेतला आणि आईला एकेका भावंडाचं विचारत गेले. मुलगा असला की चौकोन, मुलगी असली की वर्तुळ. मेलेल्यांचे चौकोन त्यांनी काळे केले. "तुम्ही बरोबर ओळखलंत, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "हा दोष बायकांमधून येतो आणि मुलगे भोगतात. पण नाक टोचून तो जात नाही." मग माझ्यातही तो असेल का, म्हणून त्यांनी माझ्या वर्तुळात प्रश्नचिन्ह काढलं. आईला एवढंच कळलं की हे तिच्यातून आलं. परतताना एसटीत तिनं भावाला माझ्या मांडीवर दिलं. तिला त्याला हात लावायची भीती वाटत होती.

त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नव्हतीच. का नव्हती, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांचं इंजेक्शन, दर महिन्याला, जन्मभर, एवढाच उपाय. औषध थंड ठेवावं लागे. वडील सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रात दुधाचं फॅट तपासायचे, तिथं बाटल्या ठेवायची सोय झाली. दीड वर्ष बरं गेलं. परकर त्यानं स्वतःच फेकून दिला. शाळेत पोरं त्याला "बाई, बाई" म्हणून चिडवायची आणि हा दगड घेऊन त्यांच्या मागं धावायचा. त्याला धावताना बघून मला फार बरं वाटायचं.

मग सलग दोन पावसाळे कोरडे गेले. चारा संपला, जनावरं बाजारात गेली, दूध आटलं आणि केंद्राला कुलूप लागलं. बाटल्या आम्ही घरी आणून वाळूतल्या मडक्यात ठेवल्या, वर ओलं पोतं. टँकरच्या पाण्यातला आपल्या वाटचा तांब्या आई त्या पोत्यावर ओतायची. तरी दुपारी मडकं कोमट व्हायचंच. दर महिन्याला टोचायला येणाऱ्या कंपाउंडरनं बाटली उजेडात धरली आणि म्हणाला, "गढूळ झालंय. हे टोचायचं न्हाय." नवं औषध मुंबईहून यायचं होतं. ते यायच्या आधी भावाच्या छातीत न्यूमोनिया भरला.

शेवटच्या सकाळी त्यानं नाकाला हात लावला. भोक केव्हाच बुजलं होतं. "आक्का, पुन्यांदा टोच की," तो म्हणाला. मी माझी चमकी काढून त्याच्या नाकपुडीवर धरली. तो जाईपर्यंत धरून बसले.

बिघडलेलं ते प्रथिन काही वर्षांनी सापडलं. ग्रंथालयात ते वाचताना मला आनंद झाला नाही, संताप आला. आता साध्या रक्ततपासणीत माझं प्रश्नचिन्ह सुटेल. मी तपासणी केली नाही. एक मुलगी झाली आणि मी तिथंच थांबले. तिला कारण सांगितलं नाही, कारण मला सांगवत नाही.

परवा लेकीचं डोहाळजेवण झालं. उपड्या घातलेल्या दोन वाट्यांपैकी एक उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वाट्या मांडायचं काम माझ्याकडं होतं. मी दोन्हींखाली बर्फीच ठेवली.

लेकीनं वाटी उचलली. "आई, मुलगी!" ती हसत म्हणाली.

"हो गं," मी म्हणाले.